ढोल कुणाकडे, ताशा कुणाकडे? संगीतातल्या बाईची 'ओळख' अभ्यासताना



संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांच्या वहीत एक विषय हमखास सापडतो: 'अमुक क्षेत्रातील महिलांची ओळख आणि अभिवृत्ती'. 'अमुक'च्या जागी बँक, पोलीस दल, क्रिकेट, काहीही घाला. मग प्रश्नावली तयार होते, शंभर जणींकडून भरून घेतली जाते, एक पाय चार्ट निघतो आणि निष्कर्ष येतो की महिलांचा आत्मविश्वास वाढला आहे. पेपर छापूनही येतो. वाचणाऱ्याला मात्र त्यातून आधी माहीत नव्हतं असं काहीच कळत नाही.

आजचा लेख ही अशा संशोधनावरची टीका आहे. पण नुसती नावं ठेवून उपयोग नाही, म्हणून एक खरं उदाहरण घेऊन बसू. पुण्यात राहणाऱ्यांना त्यासाठी लांब जायला नको: ढोल-ताशा पथकांतल्या मुली. त्यांच्याकडे नीट बघता यावं म्हणून आधी तुम्हाला एका भलत्याच ठिकाणी नेणार आहे, जमैका आणि इंग्लंडमधल्या 'स्का' या संगीताकडे. संगीताभोवती जमलेल्या तरुणांच्या गटात बाईचं स्थान काय, हा प्रश्न तिकडच्या अभ्यासकांमध्ये जवळपास पन्नास वर्षं चर्चेत आहे. त्या चर्चेतून आपल्याला बरंच काही आयतं मिळतं.

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं. तिथे एक सवय अंगात भिनते: मला जे मोजायचंय आणि मी प्रत्यक्षात जे मोजतेय, ते दोन्ही एकच आहे का, हे तपासायचं. तापासाठी आपण पाऱ्याची उंची बघतो. पारा म्हणजे ताप नव्हे, पण दोघांचं नातं पक्कं माहीत असतं. 'ओळख' आणि 'ॲटिट्यूड' मोजताना आपण कोणता पारा बघतो? बहुतेक वेळा कपडे, चेहऱ्यावरचा भाव आणि वर्तमानपत्रातला फोटो. माझं म्हणणं असं की हा पारा भरवशाचा नाही. बाई दिसते आहे म्हणजे तिचं स्थान पक्कं आहे, असं होत नाही. स्थान बघायचं तर ती काय वाजवते, ते तिला कुणी शिकवलं आणि लय कुणाच्या हातात आहे, हे बघावं लागतं.

स्का म्हणजे काय

स्का जन्मलं जमैकात, १९५० च्या दशकाच्या शेवटी. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला तेव्हा किंग्स्टनमध्ये हेच संगीत जोरात होतं. ओळखायची खूण सोपी आहे. एक-दोन-तीन-चार मोजा आणि प्रत्येक आकड्यानंतर 'आणि' म्हणा. गिटारचा किंवा पियानोचा तोडलेला ठोका त्या 'आणि'वर पडतो. वरून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. पुढे याचाच वेग उतरत रॉकस्टेडी आणि मग रेगे आलं. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या, नीटनेटके कपडे घालून फिरणाऱ्या टपोरी पोरांना 'रूड बॉय' म्हणत. हा रूड बॉय स्काच्या जगाचा नायक झाला.

जमैकन कुटुंबं कामासाठी ब्रिटनमध्ये गेली, त्यांच्याबरोबर रेकॉर्डही गेल्या. १९७९ मध्ये कॉव्हेंट्री शहरात जेरी डॅमर्सने 'टू टोन' हे रेकॉर्ड लेबल सुरू केलं. काळ्या-गोऱ्या पोरांचे मिश्र बँड, काळ्या-पांढऱ्या चौकटी, आणि वर्णद्वेषाविरुद्ध उघड भूमिका. द स्पेशल्स, द सिलेक्टर, मॅडनेस, द बीट ही नावं त्या लाटेतली.

आता एक गंमत बघा. टू टोनच्या लेबलवर सूट, टोपी आणि बारीक टायमधल्या पुरुषाचं चित्र आहे. ते गायक-गिटारवादक पीटर टॉशच्या फोटोवरून केलेलं. मुलीचं चित्र आलं ते 'द बीट' बँडचं: व्यंगचित्रकार हंट एमर्सनने काढलेली 'बीट गर्ल'. ते केलं १९६४ मधल्या एका फोटोवरून, ज्यात ब्रिजिट बाँड नावाची बाई गायक प्रिन्स बस्टरबरोबर नाचते आहे. या ब्रिजिट बाँडने स्वतःही रेकॉर्ड काढली होती. चित्रात मात्र तिचं गाणं उरलं नाही, नाचणं उरलं. चिन्हावर बाई आहे, दिसते आहे. पण संगीत करणारी म्हणून नाही. आपल्या सगळ्या लेखाचा मुद्दा या एका चित्रात आहे.

१९७६ चा एक निबंध

'सबकल्चर' म्हणजे मोठ्या समाजाच्या आत स्वतःचे कपडे, भाषा, संगीत आणि नियम घेऊन जगणारा छोटा गट. मराठीत उपसंस्कृती. या अभ्यासाचं मोठं केंद्र १९७० च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात होतं. तिथल्या अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी १९७६ मध्ये 'गर्ल्स अँड सबकल्चर्स' हा निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. तरुणांच्या गटांवर इतकं लिहिलं जातंय, मग मुली कुठे आहेत? त्या खरंच तिथे नव्हत्या, की पुरुष संशोधकांना दिसल्या नाहीत? की त्यांचं जग वेगळ्या जागी होतं, म्हणजे रस्त्यावर नसून घरातल्या खोलीत, मैत्रिणींसोबत, पोस्टर आणि रेकॉर्डांच्या सोबतीने?

तीन वर्षांनी, १९७९ मध्ये, डिक हेब्डिज यांचं 'सबकल्चर: द मीनिंग ऑफ स्टाइल' आलं. रूड बॉय, मॉड, स्किनहेड, पंक यांचे कपडे हा एक प्रकारचा प्रतिकार आहे, असं ते वाचतात. पुस्तक आजही वाचण्यासारखं आहे. पण त्यात मुली जवळजवळ नाहीत, आणि मॅकरॉबी यांनी १९८० मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. पोरगा रस्त्यावर बंडखोर असतो तेव्हा घरी त्याचा शर्ट कोण धुतं, बहिणीला बाहेर जायला परवानगी आहे का, हे विचारलंच जात नाही.

संशोधनाच्या विद्यार्थ्याने या वादातून घ्यायचं ते हे: अनुपस्थितीसुद्धा नोंद आहे. 'मुली आढळल्या नाहीत' असं लिहून पुढे जाऊ नका. न आढळण्याचं कारण शोधा.

वाद्य शिकायला कुठे मिळत होतं?

स्कामध्ये हे कारण शोधायला गेलं की एक शाळा सापडते. किंग्स्टनमधली अल्फा बॉइज स्कूल, कॅथॉलिक नन्सनी चालवलेली, अनाथ आणि गरीब मुलांसाठी. तिथल्या बँडमध्ये मुलं ट्रम्पेट-ट्रॉम्बोन शिकायची. सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस यांनी या संगीतशिक्षणाला दशकानुदशकं आधार दिला. १९६४ मध्ये 'स्कॅटलाइट्स' हा स्काचा सगळ्यात गाजलेला वाद्यवृंद उभा राहिला, त्यातले टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघं याच शाळेचे. म्हणजे या संगीताचा कणा जिथे तयार झाला त्या शाळेमागे एक बाई होती, आणि त्याच शाळेत मुलींना प्रवेश नव्हता.

मग मुली कुठे दिसतात? माइकसमोर. स्कॅटलाइट्सबरोबर डोरीन शेफर गायची. मिली स्मॉल हिचं १९६४ चं 'माय बॉय लॉलिपॉप' ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि स्का पहिल्यांदा जगभर पोचलं ते एका किशोरवयीन मुलीच्या आवाजात. अभ्यासक हेदर ऑगस्टिन यांनी जमैकन गायिकांवर आणि पुढे टू टोनमधल्या बायकांवर स्वतंत्र पुस्तकं लिहिली, तेव्हा कुठे ही नावं एकत्र आली.

गायला मिळणं आणि वाजवायला मिळणं यात फरक आहे. आवाज अंगातच असतो. वाद्य विकत घ्यावं लागतं, कुणीतरी शिकवावं लागतं, रोज दोन तास सरावाला जागा लागते. मेव्हिस बेटन यांनी 'फ्रॉक रॉक' (१९९८) या पुस्तकात ब्रिटनमधल्या वादक बायकांच्या अडचणी अशाच मांडल्या आहेत: पैसा, वाद्य, जागा, प्रवास, वेळ, घरच्यांची परवानगी. 'बायकांना रस कमी असतो' असं म्हणण्याआधी ही यादी तपासावी लागते.

सूट घातला म्हणजे झालं?

टू टोनच्या लाटेत पॉलिन ब्लॅक हे नाव सगळ्यात पुढे येतं. आधी ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करायची. 'द सिलेक्टर'मध्ये सात जण, त्यांत ती एकटी बाई. तिने रूड बॉयचाच वेष उचलला: सूट, टोपी. आजही 'रूड गर्ल' म्हटलं की तिचा फोटो येतो. फॅशनवरचे लेख याला 'सशक्त ओळख' म्हणून मोकळे होतात.

त्याच वेळी 'द बॉडीस्नॅचर्स' हा सात जणींचा बँड होता. बासवादक निकी समर्सने तो उभा केला, रोडा डकार गायची. वाजवायला शिकता शिकताच त्या स्टेजवर गेल्या. १९८० मध्ये टू टोनवर त्यांच्या दोन सिंगल्स निघाल्या आणि बँड मोडला. त्या स्टेजवर 'द बॉयलर' नावाचं एक गाणं करत. एका बलात्काराची कहाणी, ती भोगणाऱ्या बाईच्या तोंडून. ते रेकॉर्ड होऊन बाहेर आलं १९८२ मध्ये, रोडा डकार आणि द स्पेशल एकेए यांच्या नावाने. रेडिओवर फारसं वाजलं नाही, वाजण्यासारखं नव्हतंच, तरी ब्रिटनच्या पहिल्या चाळिसात गेलं.

आता सांगा, ॲटिट्यूड कुठे जास्त आहे? टोपी तिरपी घालून कॅमेऱ्याकडे बघण्यात, की नाचायला आलेल्या पोरांसमोर हे गाणं म्हणण्यात? मी पहिल्याला कमी लेखत नाही. पुरुषी नजरांच्या व्यवसायात सूट घालून उभं राहणं सोपं नव्हतं. पण फोटोत फक्त पहिलं येतं. दुसऱ्यासाठी गाण्याचा विषय, बँडची रचना आणि बँड किती टिकला हेही बघावं लागतं. सात जणींचा बँड दोन सिंगल्समध्ये का संपला, हा प्रश्न टोपीपेक्षा मोठा आहे.

शब्दाचंही बघा. मानसशास्त्राच्या पुस्तकात अभिवृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दलचा टिकाऊ कल. बोलताना मात्र आपण म्हणतो, "तिला फार ॲटिट्यूड आहे." ही तक्रार असते. त्याच वागण्याला पुरुषाच्या बाबतीत आपण रुबाब म्हणतो. प्रश्नावलीत 'ॲटिट्यूड' लिहाल तेव्हा उत्तर देणारी यातला कोणता अर्थ घेते, हे आधी ठरवा.

आता लक्ष्मी रस्त्यावर

पुण्याची विसर्जन मिरवणूक मंडईतून निघते, कसब्याचा गणपती पुढे, मागे मानाचे बाकीचे चार, आणि लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीज चौकाकडे जाते. शेवटचा गणपती विसर्जित होईपर्यंत चोवीस तासांच्या वर वेळ जातो. या मिरवणुकीत पूर्वी मुळशी-मावळच्या गावांमधली पथकं यायची. मग शहरातल्या शाळा-संस्थांची पथकं आली. ज्ञान प्रबोधिनीत मुलींनीही ढोल आणि बरची हाती घेतली. गेल्या दोन-अडीच दशकांत कॉलेजच्या आणि नोकरीतल्या मुलामुलींची मोठमोठी पथकं तयार झाली. जूनच्या शेवटापासून मुठेच्या पात्रात, पुलांच्या आसपास, संध्याकाळी सराव सुरू होतो. आज कोणत्याही मोठ्या पथकात मुली नाहीत असं होत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो कुणाचा येतो? फेटा, नथ, कपाळावर चंद्रकोर, कमरेला ढोल आणि हवेत उचललेलं टिपरू. खाली ओळ: 'रणरागिणी'.

हा आपला 'बीट गर्ल' आहे. पुन्हा सांगते, फोटो खोटा नाही. भरलेला ढोल कमरेला बांधून तासन्‌तास वाजवायला अंगात ताकद लागते, आणि ती मुलीने कमावलेली असते. पण फोटोत जे येत नाही ते बघू. पथकाचा आवाज ढोलाचा असतो, लय मात्र ताशाची. ताशेवाला काड्यांनी तर्री सुरू करतो, ठेका बदलायचा इशारा देतो, ढोल त्याच्यामागून जातात. ताशा शिकायला वेळही जास्त लागतो. म्हणून पथकात किती मुली, हा प्रश्न अर्धा आहे. ताशावर किती, आणि ताशाच्या पहिल्या फळीत किती, हा उरलेला अर्धा. झांज आणि ध्वज कुणाकडे आहेत, हेही त्यातच आलं.

पुढच्या वेळी सरावाला गेलात तर एक सोपं काम करा. कागदावर चार रकाने आखा: ढोल, ताशा, झांज, ध्वज. प्रत्येकात मुलं किती, मुली किती. पाचवा रकाना: इशारा कोण देतं. सहावा: मिरवणुकीची सुपारी घ्यायची की नाही आणि किती पैशांना, हे कोण ठरवतं. दहा मिनिटांत भरतो हा कागद. शंभर प्रश्नावल्यांपेक्षा तो तुम्हाला जास्त सांगेल.

उसना सिद्धांत कुठे कमी पडतो

इथे आपल्याला मॅकरॉबी-गार्बर यांच्यावरही टीका करावी लागते, आणि ती करायची भीती वाटून घेऊ नका. त्यांचा निबंध जसाच्या तसा पुण्यावर लावला तर बसत नाही.

पहिली अडचण: त्यांच्या मुली घरात होत्या, पुण्यातल्या मुली रस्त्याच्या मधोमध आहेत. दुसरी: रूड बॉय किंवा पंक आईवडिलांच्या पिढीला नको होता. पथक मात्र आईवडिलांना चालतं, किंबहुना अभिमानाचं वाटतं. काका रस्त्याच्या कडेला उभे राहून व्हिडिओ काढतात. मग याला हेब्डिजच्या अर्थाने प्रतिकार म्हणायचा का? मला नाही वाटत. ज्याला सगळ्यांची मान्यता आहे त्याला उगाच बंड म्हणू नये.

मग कोणती चौकट घ्यायची? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' (२०११) हे मुंबईवरचं पुस्तक इथे जास्त कामाला येतं. त्यांचा मुद्दा असा की बाईला सार्वजनिक जागेत वावरायला सतत काहीतरी 'कारण' दाखवावं लागतं. ऑफिसला चाललेय, मुलाला आणायला चाललेय. कारणाशिवाय नुसतं उभं राहण्याचा हक्क तिला नाही. आता ढोलाकडे बघा. ढोल हे केवढं मोठं कारण आहे! रात्री दहाला नदीपात्रातून घरी येणाऱ्या मुलीला "कुठे होतीस?" असं विचारलं जात नाही, कारण उत्तर घरच्यांना माहीत आहे आणि त्या उत्तराला देवाचं नाव जोडलेलं आहे. ही मोकळीक खरी आहे. ती वर्षातले दोन-अडीच महिने असते, हेही खरं आहे. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात त्याच मुलीला त्याच वेळी त्याच रस्त्यावर कारणाशिवाय थांबता येतं का? तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात चांगला प्रश्न कदाचित हाच असेल.

पथकाच्या आतली उतरंड समजून घ्यायला सारा थॉर्न्टन यांची 'सबकल्चरल कॅपिटल' ही कल्पना (१९९५) घ्या. गटात मान मिळवून देणारं ज्ञान आणि वावर, असा तिचा साधा अर्थ. पथकात ते काय आहे? किती वर्षं जुने आहात, किती हात येतात, ढोल ताणता येतो का, मानाच्या गणपतीसमोर वाजवलंय का. हे भांडवल मुलींना साठवता येतं का, हे बघा. नोकरी बदलली, लग्न झालं, शहर सुटलं की साठवलेलं भांडवल कुणाचं टिकतं?

लॉरेन लब्लांक यांनी 'प्रिटी इन पंक' (१९९९) मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पंक मुलींच्या मुलाखती घेतल्या. त्यांना दिसलं ते दुहेरी होतं. पंकमुळे मुलींना बळ मिळतं, पण तो गट चालतो पुरुषी नियमांवर, आणि टिकायचं तर ते नियम पाळावे लागतात. 'सशक्त की शोषित' असा एकच शिक्का मारायची घाई त्यांनी केली नाही. हा धडा आपल्याला हवा आहे.

'रणरागिणी' हा शब्द कुणाला मिळतो?

इथपर्यंत आपण फक्त स्त्री-पुरुष असा भेद घेतला. पुण्यात तेवढ्यावर थांबलो तर अभ्यास लंगडा राहील.

महाराष्ट्रात वाद्य वाजवणं हे पिढ्यान्‌पिढ्या जातीचं काम होतं. हलगी मातंग समाजाशी जोडलेली, सनई-सूर होलार समाजाशी, संबळ गोंधळ्यांशी. लग्नात, जत्रेत, मयताला वाजवणाऱ्याला मानाचं पान मिळत नसे. आजच्या पथकात मात्र इंजिनिअर, सीए, कॉलेजची मुलं हौसेने वाजवतात. वाजवणारा बदलला, आणि वाजवण्याला प्रतिष्ठा आली. ही प्रतिष्ठा हौशी असण्याला आहे की वाजवण्याला? पोटासाठी वाजवणाऱ्याला ती मिळाली का?

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी धारदार होतो. पुणे विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (१९६४-२०१३) यांनी १९९५ मध्ये लावणी कलावंतांवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांच्या कलेचा आणि लैंगिकतेचा उपभोग पेशवाईपासून कसा घेतला गेला, आणि त्याच वेळी त्यांना बदनाम कसं ठेवलं गेलं, हे त्यात आहे. पुढे २००० मध्ये त्यांनी सत्यशोधक जलसे आणि गणेश मेळे यांवरही लिहिलं. गणेशोत्सवातल्या संगीतावर काम करणाऱ्याने ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता दोन बायका शेजारी ठेवा. एक लक्ष्मी रस्त्यावर ढोल वाजवते. दुसरी आर्यभूषण थिएटरात लावणी करते. शहर एकच, दोघी लोकांसमोर, दोघींच्या अंगात लय, दोघींनी नथ घातलेली. एकीला 'रणरागिणी' म्हणतात, दुसरीला 'नाचणारी'. एकीचा ॲटिट्यूड कौतुकाचा, दुसरीचा संशयाचा. हा फरक त्यांच्या कलेतून आलेला नाही. कुणी पैशांसाठी करतं आणि कुणी सेवा म्हणून, कुणाच्या घरातून कोण आलंय, अंगावरचा पोशाख कोणत्या देवाच्या की कोणत्या बैठकीच्या नावाने आहे, यावर तो ठरतो. म्हणून 'रणरागिणी' हा शब्द बक्षीस आहे आणि अटही. अट अशी: हौशी राहा, पूर्ण कपड्यांत राहा, उत्सवापुरती राहा. ही अट मोडणाऱ्या बाईला आपण कोणता शब्द देतो, ते तपासा. तिथे तुम्हाला 'ओळख' सापडेल.

ढोलवाल्या मुलींनी यात काही चूक केली असं मला म्हणायचं नाही. त्यांनी मिळालेली जागा पुरेपूर वापरली. चूक आपल्यासारख्या अभ्यासकांची होते, जेव्हा आपण कौतुकाचा शब्द हाच निष्कर्ष म्हणून लिहून टाकतो.

मग अभ्यास आखायचा कसा?

चार गोष्टी सांगते.

एक, 'ढोलवादनामुळे माझा आत्मविश्वास वाढला: पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' अशी वाक्यं टाळा. रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये ही मापनपद्धत मांडली, ती वाईट नाही. पण सरावाच्या मैदानावर, मैत्रिणी शेजारी उभ्या असताना 'असहमत'वर खूण कोण करेल? त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचारा. ताशा शिकायचा कधी प्रयत्न केलास का? कुणी शिकवलं? कुणी नको म्हटलं? शेवटचा ठेका कुणी ठरवला?

दोन, जे उरले त्यांनाच विचारून थांबू नका. मैदानावर तुम्हाला फक्त टिकलेल्या मुली भेटतील. पाच वर्षांपूर्वीच्या यादीतल्या, आता न येणाऱ्या मुली शोधा. बॉडीस्नॅचर्सबद्दलचा प्रश्न आठवा: का संपलं? सोडून गेलेल्यांकडे त्याचं उत्तर असतं.

तीन, तुलना ठेवा. विज्ञानात कंट्रोल गट नसेल तर निकाल मानत नाहीत. मुलींना विचारलेलं सगळं मुलांनाही विचारा. 'घरून परवानगी घ्यावी लागली का?' याचं मुलींचं उत्तर मुलांच्या उत्तराशेजारी ठेवलं तरच बोलतं. शक्य असेल तर एखादं फक्त बायकांचं पथक घ्या. तिथे ताशा मुलींकडेच असणार, मग मिश्र पथकात तो कमी का दिसतो, याची 'ताकद कमी' वगैरे उत्तरं आपोआप गळून पडतात.

चार, बातमीकडे प्रयोग म्हणून बघायला शिका. २०२४ च्या गणेशोत्सवाआधी राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच सदस्य असावेत अशी मर्यादा घातली, आणि १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. चर्चा झाली ती आवाजाची आणि परंपरेची. आपण दुसरा प्रश्न विचारू शकतो. शंभर-दीडशेतून तीस निवडायचे असते तर कोण उरलं असतं? पथकप्रमुखांना भेटून ही काल्पनिक यादी करायला सांगा. गर्दीत प्रत्येकाला जागा असते. जागा कमी झाली की कोण आवश्यक आणि कोण शोभेचं, ते लगेच कळतं.

शेवटचं एक. वरचा सहा रकान्यांचा कागद भरला आणि ताशावर मुली भरपूर निघाल्या, तर माझा संशय त्या पथकापुरता चुकीचा ठरेल. तसं झालं तर तेही तसंच लिहा, आणि तिथे ते कसं शक्य झालं, कुणी शिकवलं, हे शोधा. अल्फा स्कूलच्या गोष्टीतून कळतं तेवढं पुरेसं आहे: एखादं वाद्य कुणाच्या हातात येतं, हे शिकवणीचं दार कुणासाठी उघडं होतं यावर ठरतं. पुण्यात ते दार कुणी, कोणत्या साली, कुणासाठी उघडलं, याचा नीट लिहिलेला इतिहास अजून हवा आहे. तुमच्यापैकी कुणी विषयाच्या शोधात असेल, तर हा घ्या. सराव जूनच्या शेवटी सुरू होतो, तोपर्यंत वाचन उरकता येईल.